अजून थोडं निळं

धनराज थेटे सरांनी आरोही गावितची द्राक्षं तीन वेळा परत पाठवली आणि तिन्ही वेळा कारण एकच होतं.

"पिवळी दिसतायत," सर म्हणाले. "अजून थोडं निळं घाल."

ही द्राक्षं खोक्यावरची होती. निफाडकडच्या एका शेतकरी कंपनीला माल परदेशी पाठवण्यासाठी नवं खोकं हवं होतं. कंपनीचे अध्यक्ष चिमाजी आण्णा बोरस्ते यांच्या पुतण्याची कुठूनतरी ओळख निघाली आणि ते काम कॉलेज रोडवरच्या एका डिजिटल डिझाइनच्या इन्स्टिट्यूटकडे आलं. दुसऱ्या वर्षाच्या सगळ्या मुलांनी आपापलं खोकं काढलं, त्यातून आरोहीचं निवडलं गेलं. पांढऱ्या जमिनीवर एकच घड आणि खाली कंपनीचं नाव, एवढंच होतं. पण घड असा उतरला होता की चिमाजी आण्णा मीटिंगमधून उठून पडद्याजवळ गेले आणि एका मण्यावर बोट ठेवून बघून आले.

इन्स्टिट्यूटची रीत अशी होती की बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कामाचे रंग थेटे सरांच्या नजरेखालून जायचे. सर तिथे रंगशास्त्र शिकवत. त्याआधी एकतीस वर्षं त्यांनी पंचवटीतल्या एका शाळेत चित्रकला शिकवली होती आणि निवृत्तीनंतर घरात बसवेना म्हणून ते इकडे आले होते. संगणकाचा त्यांना राग नव्हता, पण मुलं रंगाला आकड्यांनी ओळखतात हे त्यांना सहन होत नसे. कोणी म्हणालं, "सर, हा कोड बरोबर आहे," की सर त्याच्या मॉनिटरवर सरळ हात आडवा धरत. "कोड राहू दे. डोळ्याला काय दिसतंय ते सांग." आपल्या डोळ्याबद्दल सरांना अभिमान होता आणि तो अगदीच फुकटचाही नव्हता. एके काळी गोदाकाठी बसून त्यांनी केलेली जलरंगातली चित्रं पाहून लोक विचारत, हे पाण्याचं करडं तुम्ही नक्की कशात काय मिसळून आणलंत.

तिसऱ्यांदा द्राक्षं परत आली तेव्हा आरोही लगेच जागेवर गेली नाही.

"सर, तयार घड असाच दिसतो," ती म्हणाली. "साखर भरली की थोडी पिवळी झाक येते. उन्हात धरला की कळतं."

"तुला कोणी सांगितलं?"

"तोडलेत सर. आई-बाबांबरोबर. आम्ही पिंपळगावकडं जायचो हंगामाला."

आरोही पेठच्या पुढच्या एका पाड्यावरून आली होती. तिचे वडील केरू गावित भात आणि नागली पिकवायचे आणि भाताची कामं उरकली की घराला कुलूप लावून द्राक्षबागांत मजुरीला जायचे. बारावीपर्यंतच्या सुट्ट्या तिने घडांखाली मान वर करून काढल्या होत्या. पुढे कितीतरी दिवस सर तिच्या 'तोडलेत सर' या वाक्यापाशी येऊन थांबत. इथे आपण गप्प बसायला हवं होतं, असं त्यांना वाटे. पण त्या वेळी ते गप्प बसले नाहीत.

"तोडणं वेगळं आणि बघणं वेगळं," ते म्हणाले. हे वाक्य त्यांचं त्यांनाच इतकं आवडलं की दुसऱ्या दिवशी पहिल्या वर्षाच्या मुलांनाही त्यांनी ते ऐकवलं.

आरोहीने निळं वाढवलं. छापखान्यातून नमुन्याचा कागद आला, तेव्हा सरांनी तो खिडकीशी नेला, उलटसुलट करून पाहिला, वर लाल पेनाने "निळे आणखी पाच टक्के" असं लिहिलं आणि खाली सही ठोकली. त्यांच्या सहीखाली चिमाजी आण्णांनीही सही केली. कागदाचा फोटो छापखान्याला गेला, मूळ कागद सरांच्या खणात राहिला, आणि आठ दिवसांनी चार हजार खोकी निफाडला पोचली.

खोकी पोचली त्याच दिवशी मुंबईहून माल बघायला व्यापाऱ्याचा माणूस आला होता. त्याने घड पाहिले, मणी चाखला, मान हलवली. मग त्याची नजर खोक्यावर गेली.

"ह्याच्यावर काय मारलंय?" त्याने विचारलं.

द्राक्षबागेत करपा येऊ नये म्हणून मोरचूद आणि चुन्याचं पाणी फवारतात. त्याने पानं, खोड, माणसाचे हात, सगळं निळसर होतं. खोक्यावरचा घड नेमका तसा दिसत होता. आत्ताच पंप मारून कोणी बाजूला झालंय, असा. परदेशी माल घेणारी माणसं औषधाचं नाव काढलं तरी दचकतात. त्या माणसाने आतल्या द्राक्षांची पुन्हा तपासणी मागितली. तपासणीला सहा दिवस लागले, द्राक्षं चोख निघाली, पण तोवर माल शीतगृहात पडून राहिला आणि त्याची गाडी चुकली. गावात खोक्याला नाव पडलं ते मोरचुदाचं खोकं. कोणीतरी त्यात कांद्याचं रोप भरून नेलं, तर वाटेत लोकांनी रोपाला काय झालंय म्हणून विचारलं.

सातव्या दिवशी चिमाजी आण्णा पुतण्याला घेऊन इन्स्टिट्यूटमध्ये आले. बोलला सगळं पुतण्या, सोमा. आण्णा गुडघ्यावर टोपी ठेवून गप्प बसले होते. टेबलावर खोकं होतं. संचालिका मोहिनी मॅडमनी थेटे सरांना आणि आरोहीला बोलावून घेतलं.

"ही द्राक्षं आहेत का मॅडम?" सोमा म्हणाला. "हे तुम्हीच सांगा. लहान पोराला दाखवलं तरी निळी म्हणतंय."

मोहिनी मॅडम म्हणाल्या, "निळी आहेत खरी." चहा घेऊन आलेल्या बयाबाई कप ठेवता ठेवता थांबल्या आणि म्हणाल्या, "निळीच हायेत."

सरांनी खोकं हातात घेतलं. त्यांना समोर उत्तम, हिरवीगार, रसरशीत द्राक्षं दिसत होती. अशी द्राक्षं त्यांनी वर्षा-दोन वर्षांत कुठल्याच कागदावर पाहिली नव्हती. क्षणभर त्यांना वाटलं, ही सगळी माणसं ठरवून थट्टा करतायत. मग त्यांनी एकेकाच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि कोणीच थट्टा करत नाही हे त्यांच्या लक्षात आलं.

"थेटे सर, तुम्ही पाहिलं होतंत ना हे?" मोहिनी मॅडमनी विचारलं.

लाल पेनाने लिहिलेला कागद खाली, सरांच्या खणात होता. आणून दाखवायला दोन मिनिटं लागली असती. सर म्हणाले, "मी पाहिलं तेव्हा असं नव्हतं. नंतर काही बदल झाला असेल."

सगळ्यांनी आरोहीकडे पाहिलं. आरोहीने सरांकडे पाहिलं, मग आण्णांकडे. आण्णा टोपीची शिवण चाचपत होते.

"माझ्याकडून झालं असेल," ती म्हणाली.

त्यानंतर सगळं फार पटकन झालं. नवं खोकं रुद्र नावाच्या मुलाकडे गेलं. पुण्याच्या एका स्टुडिओत उमेदवारीसाठी आरोहीचं नाव जाणार होतं, तिथेही रुद्रचंच गेलं. आठवडाभर ती वर्गात मागच्या बाकावर बसली आणि मग दिसेनाशी झाली. कोणी म्हणालं गावी गेली, कोणी म्हणालं तिला बरं नाही. सरांनी दोनदा हजेरीत तिचं नाव घेतलं. तिसऱ्यांदा ते नाव ओलांडून पुढे गेले.

घरी मात्र सरांना चैन पडेना. एका दुपारी त्यांची बायको ज्योत्स्नाबाई शिवणाचा डबा शोधत आल्या, तर सर खिडकीत तो डबा मांडीवर घेऊन बसलेले. रिळं ओळीने मांडून ठेवली होती.

"अहो, हे काय चाललंय?"

"यातलं पांढरं कुठलं?"

"ही तीन पांढरी आहेत. हे आकाशी आणि हे मोतिया."

सर बराच वेळ रिळांकडे बघत राहिले. त्यांच्या लेखी पाचही रिळं सारखीच कळकट होती. फक्त ते आकाशी त्यांना त्यातल्या त्यात पांढरं वाटत होतं. ज्योत्स्नाबाईंनी रिळं डब्यात भरली, पायात चपला घातल्या आणि नवऱ्याला रिक्षात घालून गंगापूर रोडला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टर तरुण होते. तपासून झाल्यावर म्हणाले, "काका, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. आतलं भिंग पिवळं पडलंय. दोन-तीन वर्षं तरी झाली असतील. हळूहळू होतं ना, म्हणून कळत नाही माणसाला. पिवळ्या काचेतून बघत होता असं समजा."

"रंग?" सरांनी विचारलं.

"रंगांत फरक पडतोच. निळं कमी दिसतं. पण तुमचं काय रंगांशी अडतंय, तुम्ही निवृत्त ना?"

ज्योत्स्नाबाई म्हणाल्या, "शिकवतात." काय शिकवतात ते त्यांनी सांगितलं नाही. सरांनीही सांगितलं नाही.

आधी उजवा डोळा करायचं ठरलं, दीड महिन्याने डावा. उजव्याची पट्टी निघाली त्या सकाळी सर अंथरुणातून उठले, काळा चष्मा काढून कपाटासमोर उभे राहिले आणि त्यांनी बायकोला हाक मारली.

"हे कोणाचे शर्ट?"

"कोणाचे म्हणजे? तुमचेच."

"माझ्याकडे एकही निळा शर्ट नाही. मी जन्मभर पांढरे घालतो."

"पांढरेच होते," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. "तुम्ही रोज कटकट करायचात, पिवळट धुतले, पिवळट धुतले. मी नीळ घालत गेले. तुम्ही म्हणायचात अजून घाल, मी अजून घालायचे. शेजारच्या सुमनबाई तर म्हणत होत्या, सरांनी गणवेश केला की काय."

सरांनी उजवा डोळा झाकला. शर्ट पांढरे झाले. डावा झाकला, निळे झाले. उजवा, डावा, उजवा, डावा असं ते कपाटासमोर कितीतरी वेळ करत राहिले. ज्योत्स्नाबाईंना आधी हसू आलं, पण त्यांचा चेहरा बघून त्या चहा ठेवायला आत गेल्या.

चहा घेऊन त्या बाहेर आल्या तेव्हा सर लॅपटॉप उघडून बसले होते. आरोहीने खोक्याची पहिली फाइल त्यांना मेलवर पाठवली होती, ती अजून होती. त्यांनी डावा डोळा हाताने झाकून ती पाहिली. घड उन्हात धरल्यासारखा दिसत होता. कडेच्या मण्यांना किंचित पिवळी झाक होती, आत साखर भरल्यासारखी. हात लावण्यासारखं त्यात काहीही नव्हतं.

डॉक्टरांनी सांगितलेली विश्रांती संपली त्या दिवशी सर खणातला कागद घेऊन मोहिनी मॅडमकडे गेले आणि सगळं सांगितलं. मॅडमनी कागद पाहिला, घडी घातली आणि परत दिला.

"सर, आत्ता कशाला हे? प्रवेश सुरू होतायत. रंगशास्त्राच्या सरांना रंग दिसत नव्हते, असं बाहेर गेलं तर कोण येईल आपल्याकडे?"

"पण त्या मुलीचं काय?"

"बघते मी."

मॅडम बघते म्हणाल्या की पुढे काय होतं हे सरांना चार वर्षांत ठाऊक झालं होतं. ते तिथून उठले आणि थेट दुसऱ्या वर्षाच्या वर्गात गेले. दारात उभे राहून त्यांनी आधी घसा साफ केला. एकतीस अधिक चार वर्षं शिकवूनसुद्धा सुरुवात कशी करावी ते त्यांना सुचत नव्हतं.

"मला तुम्हाला एक सांगायचंय," ते म्हणाले. "गेली दोन-तीन वर्षं माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. मला सगळं पिवळं दिसायचं. मी तुमच्या कामात जे निळं घालायला लावलं, ते चुकीचं होतं. ज्यांनी घातलं नाही त्यांचे मी गुण कापले. ते बरोबर होते."

सरांना वाटलं मुलांना धक्का बसलाय. मग त्यांच्या लक्षात आलं की कोणाच्याही चेहऱ्यावर आश्चर्य नाही. मुलं एकमेकांकडे बघत होती. शेवटी रुद्र अर्धवट उभा राहिला.

"सर, आम्हाला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"म्हणजे मोतीबिंदूचं नव्हतं माहीत. निळ्याचं होतं. आम्ही एक लेयर केलाय सर. तुम्ही बघायला आलात की चालू करायचा. तुम्ही पुढे गेलात की बंद."

"दाखव," सर म्हणाले.

रुद्रने मॉनिटर त्यांच्याकडे वळवला. स्क्रीनवर कुठल्याशा चहाच्या पुड्याचं चित्र होतं. बाजूच्या यादीत सगळ्यात वर एक ओळ होती, "सर २५%". त्याने ओळीसमोर टिचकी मारली, तसा चित्रावर झिरझिरीत निळा पडदा पसरला. पुन्हा मारली, पडदा गेला.

सर खुर्ची ओढून बसले. "पंचवीस का?"

"पहिल्या सेमिस्टरला वीसच पुरायचं सर. दिवाळीनंतर तुम्ही नाही म्हणायला लागलात, मग पंचवीस केलं." रुद्रने यादीतल्या त्या ओळीवर बोट ठेवलं. "हा आम्हाला सीनियर बॅचकडून आलाय. त्यांच्या वेळेला दहाच होतं."

वर्गात कोणीतरी हसू दाबलं. सरांनाही हसू आलं असतं. आपल्या डोळ्याचा मोतीबिंदू कसकसा पिकत गेला याची इतकी बारीक नोंद डॉक्टरांकडेही नव्हती. पण दुसरंच काहीतरी त्यांच्या डोक्यात आलं.

"आरोहीला हा दिला नव्हता तुम्ही?"

आता मात्र सगळे खाली बघायला लागले.

"दिला होता सर," रुद्र म्हणाला. "पेनड्राइव्हमध्ये घालून दिला होता. ती नको म्हणाली."

"का?"

"ती म्हणाली, सर एवढं सांगतायत तर त्यात काहीतरी असेल. आपल्याला अजून दिसत नसेल."

सर त्या दिवशी वर्ग न घेता निघाले.

दुसऱ्या दिवशी ते एसटीने निफाडला गेले. चिमाजी आण्णा शेडच्या बाहेर खाटेवर बसले होते. सरांनी वाटेत ठरवलेली सगळी वाक्यं एका दमात म्हणून टाकली आणि तो कागद पुढे केला. आण्णांनी कागद हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला.

"खाली माझी सही बगितली का?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मंग झालं तर." आण्णांनी आत कोणी ऐकत नाही ना ते पाहिलं आणि आवाज उतरवला. "मास्तर, मला त्ये खोकं हिरवंच दिसत होतं. आजबी हिरवंच दिसतंय. सोमा निळं म्हनला, मुंबईवाला निळं म्हनला. मी म्हनलं आपन गप बसावं. चाळीस वर्षं द्राक्षं काढतोय, आन माझं मला द्राक्ष दिसत नाय म्हनलो तर पोरं उद्या बागेत पाय ठिऊ देतील का?"

"मीपण गप्पच बसलो," सर म्हणाले.

"आपन दोघं गप बसलो आन ती पोरगी बोलली," आण्णा म्हणाले. शेडमधून खोकी चिकटवल्याचा आवाज येत होता. "पुढल्या हंगामाचं खोकं तिच्याकडनंच करून घिऊ. मीच सांगतो सोमाला, काय सांगायचं ते. तुम्ही तिला गाठा." सर निघाले तसं त्यांनी पुन्हा हाक मारली. "मास्तर, तुमचा डाक्टर कोन? नंबर लिवून ठेवा इथं. घरात कोनाला बोलू नका."

आरोहीला गाठायला आणखी दोन दिवस गेले. मुलींच्या वसतिगृहातल्या बाईंनी सांगितलं की ती गावी गेलीच नव्हती, पेठ रोडला एका रंगाच्या दुकानात कामाला लागली होती. सर तिथे पोचले तेव्हा दुपार होती. काउंटरच्या मागे रंग मिसळायचं मोठं मशीन होतं आणि त्यासमोर आरोही एका डब्याचं झाकण बसवत होती. बोटांना चार-पाच रंग लागले होते. सरांना बघून ती दचकली आणि हात पुसायला फडकं शोधू लागली.

"बसा सर," तिने स्टूल पुढे केलं. सरांनी काळा चष्मा काढला तशी तिने विचारलं, "डोळ्याला काय झालं?"

सरांनी सांगितलं. वर्गात सांगितलं होतं, आण्णांना सांगितलं होतं, पण इथे सांगताना सारखं अडत होतं. शेवटी त्यांनी खिशातून तो कागद काढला आणि काउंटरवर ठेवला.

"त्या दिवशी हा माझ्या खणात होता," ते म्हणाले. "मी आणला नाही."

आरोहीने कागदाकडे नुसतं पाहिलं, हातात घेतला नाही. "माहितीये सर. छापखान्याने मला फोटो पाठवला होता. बदल करायला सांगायला. मोबाइलमध्ये होता तेव्हा."

"तेव्हा? मीटिंगच्या वेळेला?"

"हो."

"मग दाखवला का नाहीस?"

तिने झाकण दाबून नीट बसवलं. "तुम्ही खोकं हातात घेतलंत ना सर, तेव्हा तुमचं तोंड बघितलं मी. तुम्हाला चांगलं वाटत होतं ते. तोवर मला वाटायचं, मलाच दिसत नाहीये. तेव्हा कळलं." तिने डबा बाजूला सरकवला. "मग सगळ्यांसमोर काय दाखवायचं?"

सरांनी घोटून आणलेली माफी तिथेच राहिली. त्यांनी काहीतरी बोलायचं म्हणून आण्णांचा निरोप सांगितला आणि इन्स्टिट्यूटमध्ये परत येशील का ते विचारलं. मॅडमशी आपण बोलू, लागल्यास नोकरी सोडू, असंही म्हणाले.

"नोकरी कशाला सोडता? आता तर दिसायला लागलं," आरोही म्हणाली. "मी नाही येत सर. इथं बरं आहे. रंग चुकला तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी डबा परत आणून आपटतं. लगेच कळतं." तिने थोडा विचार केला. "खोकं करीन मी आण्णांचं. पण फाइल सरळ छापखान्यात देईन. मध्ये कोणाला दाखवणार नाही."

"बरोबर आहे," सर म्हणाले.

तेवढ्यात एक बाई दुकानात आल्या. त्यांनी रुमालाची गाठ सोडून भिंतीच्या गिलाव्याचा एक टवका काढला आणि याच रंगाचा डबा हवा म्हणाल्या. आरोहीने टवका दारातल्या उजेडात नेऊन पाहिला, मशीनवर काही आकडे दाबले, मग डब्यात काडी बुडवून पुठ्ठ्यावर एक ठिपका दिला आणि टवका शेजारी धरला. बाईंची खात्री पटेना.

"जुळतंय का गं? हे बाबा कोण?"

"माझे सर आहेत. रंग शिकवतात."

"मग त्यांनाच दाखव की."

आरोहीने पुठ्ठा सरांपुढे धरला. सरांनी तो आधी उजव्या डोळ्याने पाहिला, मग डाव्याने. उजव्याला ठिपका आणि टवका एक दिसत होते. डाव्याला दोन्ही मळलेले दिसत होते.

"मला नका विचारू बाई," ते म्हणाले. "हिला कळतं त्यातलं."

बाई डबा घेऊन गेल्या. सर स्टुलावर बसूनच राहिले. आरोहीने पुढचा डबा मशीनवर ठेवला. मशीन बंद झाल्यावर तिने विचारलं, "दुसरा डोळा कधी आहे सर?"

"पुढच्या महिन्यात. पंधराला."

"मग तो झाला की या," आरोही म्हणाली. "तेव्हा दाखवते फाइल."